शार्त्रूजच्या साधूंच्या पद्धतीनं मोहा-संत्र्याचं सरबत कसं करायचं (दारू नाही हो, सरबतच!)

आधीच सांगून ठेवतो, आमचा वर्धा जिल्हा आहे, दारूबंदीचा, त्यामुळे यात भट्टी, गूळ, नवसागर असलं काही शोधत आले असाल तं इथूनच परत फिरा. बाकीच्यांनी बसा, लंबं आहे थोडं.

झालं असं की मागं दोनेक वर्षांपूर्वी मोबाईलवर फ्रान्समधल्या एका मठाबद्दल वाचलं. आल्प्सच्या रांगेत, ग्रनोबल शहराच्या वरच्या अंगाला शार्त्रूज नावाचे डोंगर आहेत, तिथं 1084 साली ब्रूनो नावाचा साधू सहा सोबती घेऊन गेला अन् मठ बांधून राहिला. अजूनही तिथले ख्रिस्ती साधू जवळजवळ मौनातच राहतात, प्रत्येकाला आपली वेगळी खोली, मागं छोटीशी बाग, जेवण भिंतीतल्या खिडकीतून येते, मध्यरात्री उठून प्रार्थना. बाहेरच्याला आत जाता येत नाही, पाहायला खाली वेगळं म्युझियम केलं आहे. मी हे घरी सांगितलं तं आई म्हणे, "मुक्तागिरीसारखं का?" म्हटलं डोंगर अन् शांतता तशीच समज, पण तिथं बर्फ पडते अन् हे साधू दारू गाळतात. आईनं हातातला झाडूच खाली ठेवला.

तं ती दारू म्हणजे शार्त्रूज. 1605 मधे एका फ्रेंच सरदारानं पॅरिसजवळच्या त्यांच्या मठाला एक जुनी वही दिली, दीर्घायुष्याच्या काढ्याची. वही इतकी किचकट की शंभराच्या वर वर्षं कुणाला नीट उलगडलीच नाही, शेवटी 1737 मधे डोंगरातल्या मूळ मठातल्या औषधं करणाऱ्या साधूनं ती सोडवली. 130 वनस्पती त्यात. पहिला आला तो औषधी अर्क, 69 टक्के अल्कोहोलचा, साखरेच्या खड्यावर दोन थेंब टाकून घ्यायचा. खेचरावर लादून खालच्या गावांत विकायला न्यायचे. मग 1764 मधे हिरवी शार्त्रूज आली 55 टक्क्यांची, अन् 1838 मधे पिवळी, गोड अन् सौम्य. कृती आजही मठातल्या दोन-तीन जणांनाच माहीत असते. 1903 मधे सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं अन् कारखाना, नाव सगळं दुसऱ्यांच्या हाती गेलं, पण त्या लोकांना ती चव काही जमली नाही अन् इकडे साधू स्पेनमधे बसून खरी बनवत राहिले. हा किस्सा मला फार आवडतो.

आता 130 वनस्पती आपल्याला सापडणार नाहीत अन् सापडल्या तरी प्रमाण कोण सांगणार. पण त्यांची कामाची रीत लपलेली नाही. पाला-मुळं वाळवायची, निवडायची, दारूत भिजत घालायची, मग भट्टीवर गाळायची, रंगासाठी परत वनस्पतीत मुरवायची, गोड करायची अन् ओकच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवून द्यायची. मी हीच रीत धरली. प्रत्येक वस्तू तिच्या स्वभावानं वेगळी काढायची, सगळं एका गंजात (पातेल्यात) टाकून उकळायचं नाही. आपल्याकडे काढा म्हटला की तुळस, सुंठ, दालचिनी, गवती चहा सगळं एकदम टाकून अर्धा तास खदखदवतात, मग तुळशीचा वास छपराला अन् कडूपणा कपात.

सिझन मार्च-एप्रिलचा पकडा. त्याच वेळी मोह पडतो अन् मृग बहाराचा संत्रा संपत आलेला असतो, आमच्या आर्वी-कारंजा भागात तं हमखास दोन्ही एकदम हाताशी येते. मोहाची फुलं पहाटेच्या आधीपासून टपटप पडतात, उजाडताना झाडाखाली जायचं, पांढरट पिवळी, रसानं फुगलेली फुलं टोपलीत भरायची. एकटे जाऊ नका, अस्वलालेही मोह आवडते अन् ते आपल्या आधी उठते. अन् झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची जी सवय आहे ना ती सोडा, त्यानंच जंगलाला आग लागते, झाडून काढा नाहीतर जुनी साडी अंथरा. फुलं तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात. मग हातानं चोळून चाळून घ्या म्हणजे आतले केसर निघून जातात, ते राहिले तं घशात खवखवते. हे सगळं नको असेल तं बाजारात वाळलेला मोह मिळते, फक्त वास घेऊन घ्या. आंबूस वास आला तं पुढच्या दुकानात चला.

सामान लिहून घ्या, साधारण दीड लिटर होईल. वाळलेला मोह 100 ग्रॅम. ताजे संत्रे 5, त्यांची सालं. साखर 1 किलो, मध 100 ग्रॅम. मुळं-काड्यांत अनंतमूळ एक चमचा ठेचलेलं, वाळा छोटी मूठ, ज्येष्ठमध बोटाच्या पेराएवढं, सुंठ तेवढीच, दालचिनी एक तुकडा, काडेचिराईत फक्त दोन काड्या. बियांत धने एक मोठा चमचा, बडीशेप दोन छोटे, वेलची 6, लवंग 2. पाल्यात पुदिना एक मूठ, तुळशीची 15-20 पानं, गवती चहाच्या तीन पाती. मुळं जंगलातून उपटत बसू नका, तालुक्याला काष्टौषधीच्या दुकानात सगळं पुडीत मिळते, अन् ओळख नसलेलं झुडूप "बहुतेक हेच ते" म्हणून तं अजिबातच टाकायचं नाही. घरात कुणाला बीपी असेल तर ज्येष्ठमध घालूच नका, त्यानं बीपी वाढते. काडेचिराईत मात्र वगळू नका, दोन काड्यांचा कडूपणा नसला की हे सरबत लग्नातल्या पिवळ्या पाण्यासारखं लागते.

सुरुवात आदल्या रात्री संत्र्यापासून. इथं एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. साधू वनस्पती दारूत भिजवतात कारण सालीतलं तेल अन् पानातला हिरवा रंग दारूत उतरते, पाण्यात नाही उतरत. आपण पाणी वापरून राहिलो, मग सालीचं तेल काढायचं कसं? साखरेनं. संत्रे कोमट पाण्यात मीठ टाकून चांगले घासून धुवा (शक्यतो आपल्या बागेतले, ज्यांच्यावर एवढ्यात फवारणी झाली नाही असे), साल काढा, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून टाका कारण कडू तोच करते. मग वरची पिवळी साल बारीक चिरून 250 ग्रॅम साखरेत टाका अन् हातानं चुरा, अगदी लाडूला मळतो तसं. पाचेक मिनिटांत साखर ओली होते, हाताला तेल लागते, घरभर असा वास सुटते की शेजारची काकू विचारायला येते. झाकून ठेवून द्या रात्रभर. सकाळी तळाशी केशरी पाक जमलेला दिसेल, तोच आपला माल. पूर्ण कृतीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडते, बाकी काही नाही केलं अन् हाच पाक थंड पाण्यात टाकून प्यायला तरी पैसे वसूल.

सकाळी तीन गंज घ्या. पहिल्यात मुळं-काड्या (वाळा सोडून) 400 मिली पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर वीस मिनिटं. मुळं कडक, त्यांना वेळ पाहिजे. गॅस बंद केल्यावर वाळा टाका अन् झाका, वाळा उकळला की त्याचा गारवा जाते अन् ओल्या मातीच्या वासाऐवजी ओल्या पोत्याचा वास उरते. दुसऱ्यात धने, बडीशेप, वेलची, लवंग जाडेभरडे कुटून त्यावर 300 मिली उकळतं पाणी ओता, झाका, चार तास विसरून जा. यांना आगीवर ठेवायचं नाही, वास वाफेसंगं उडून जाते.

तिसरा गंज मोहाचा, अन् इथं माझं पहिल्या वर्षी जे झालं ते सांगतो. मी वाचलं होतं की साधू वनस्पती भिजत घालतात, मग मीही मोठ्या हुशारीनं मोह पाण्यात भिजत घातला, रात्रभर. सकाळी शेतात पाणी द्यायला गेलो, पंपाची लाईन रात्रीची होती म्हणून दुसऱ्या दिवशीही तिकडेच, अन् एप्रिलचं ऊन म्हणजे आमच्याकडे सावलीतही 43. तिसऱ्या दिवशी आठवलं. बरणीवर दोन बोटं फेस, अन् झाकण लावलेली छोटी बाटली होती तिचं बूच स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. आई म्हणे, "साधूचं सरबत करून राह्यलो म्हणे, अन् घरात गुत्त्याचा वास!" मी ते उकिरड्यावर ओतायला निघालो तं बाबांनी दारातच थांबवलं, "दिवसा नको ओतू बे, लोकं पाहतीन." मग रात्री, टॉर्च न लावता, ओतून आलो. मोहात साखर भरपूर असते, उन्हाळ्यात पाण्यात राहिला की आंबणारच, त्याचा दोष नाही. म्हणून अर्धा तास, जास्त नाही. मोह दोन-तीन पाण्यांत धुवा, 500 मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, लगेच त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळा अन् गाळा. पिळू नका, पिळलं की पाणी गढूळ होते. उरलेली फुलं टाकायची नाहीत, कणकेत मळून गोड रोटी करा.

तिन्ही पाणी पातळ कापडातून गाळून एका मोठ्या गंजात एकत्र करा. साधारण लिटरभर भरेल, कमी पडलं तं पाणी घाला. त्यात उरलेली 750 ग्रॅम साखर टाकून पाच-सात मिनिटं चांगलं उकळा, वरचा मळ काढत राहा. गॅस बंद. आता संत्र्याचा पाक, सालीसकट. वरून हातानं चुरगळलेला पुदिना, तुळस, गवती चहा. झाकण घट्ट. मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावा, अंदाज नको, पंधरा मिनिटं झाली की पुदिना चहापत्तीसारखा तुरट होते. दहा मिनिटांत गाळून मोकळं व्हा. मध अगदी शेवटी, पाक कोमट झाल्यावर (एक वर्षाच्या आतल्या लेकराला हे द्यायचं नाही, मध आहे त्यात).

रंग कोणता येईल? हिरवा नाही येणार, हे आधीच सांगतो नाहीतर मला बोल लावाल. त्यांची हिरवी शार्त्रूज वनस्पतीतल्याच रंगानं हिरवी असते, पण आपल्याकडे दारू नाही, वरून आच अन् आंबटपणा लागला की पानांचा हिरवा शेवाळी-तपकिरी होऊन जाते. आपलं होते सोनेरी-तांबूस, म्हणजे पिवळ्या शार्त्रूजची लांबची चुलत बहीण समजा. खाण्याचा हिरवा रंग टाकायचा मोह होईल, एकानं टाकला होता, भांडी घासायच्या लिक्विडसारखं दिसत होतं. याच कारणानं लिंबू बाटलीत घालू नका, ग्लासात पिळा.

काहींनी विचारलं होतं की पाण्याचाच अर्क गाळून काढला तं, गुलाबजलासारखा, उलटं झाकण अन् बर्फ ठेवून. होते, कायद्यानं त्यात काही वावगं दिसत नाही, पण आमच्याकडे अंगणात गंजावर उलटं झाकण पाहून कुणी सरबत समजत नाही, मी काही ते करत नाही.

बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या, पूर्ण कोरड्या. फ्रिजमधेच ठेवा, महिनाभर टिकते, बाहेर ठेवायचं असेल तर साखर अजून बरीच लागेल अन् मग ते पिववत नाही. फेस, बुडबुडे, आंबूस वास दिसला की फेका. लेबलवर तारीख टाका. अन् आठवडाभर हात लावू नका. पहिल्या दिवशी लवंग वेगळी ओरडते, मोह वेगळा, सातव्या दिवशी एकमेकांत मिसळून जातात. साधूंची बाटली पिंपात वर्षं काढते तिथं आपल्याला आठ दिवस धीर धरवत नाही, मलाही नाही धरवला पहिल्यांदा. मला तं त्यांचं ते 2023 मधे बाहेर आलेलं पत्रच आठवते, जगभरातून मागणी वाढली तरी त्यांनी उत्पादन वाढवायला नकार दिला, प्रार्थनेला वेळ उरत नाही म्हणून. आमच्या मंडीतल्या कुणाला हे सांगितलं तं हसून मरतील.

प्यायला एक भाग सरबत, पाच भाग माठातलं पाणी, अर्धं लिंबू, चिमूट काळं मीठ. सोड्यातही चांगलं लागते. दुपारी शेतातून आल्यावर लगेच नको, आधी साधं पाणी पिऊन दहा मिनिटं बसा.

प्रमाण प्रत्येक वेळी वहीत लिहा, कारण मोह दरवर्षी सारखा गोड नसते. माझ्या वहीत यंदा आईनं पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे, "मोह 80 ग्रॅमच, बडीशेप अजून." करून पाहीन येत्या मार्चमधे.