६२५ मागताय? मग या चुका टाळा

पंचवटीत माझं मेडिकल आहे. "भाऊ, एक ६२५ द्या" हे रोजचंच. पण ६२५ हे औषधाचं नाव नाही, वजन आहे. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे जंतू मारणारं अँटिबायोटिक, आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. कित्येक जंतूंकडे बीटा-लॅक्टमेज नावाची कात्री असते, ती अमॉक्सिसिलिनचं कडं कापून टाकते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या कात्रीच्या पात्यात स्वतः जाऊन अडकतं. जंतू मारायचं काम त्याचं नाहीच. आणि या जोडीत नाजूक तेच. उष्णता सोसत नाही, ओल तर मुळीच नाही.

म्हणून माझा सगळ्यात जास्त राग पोरांच्या ड्राय सिरपवर, म्हणजे याच जोडीच्या पाणी घालून बनवायच्या पावडरवर निघतो. एका मे महिन्यात मखमलाबादच्या एक ताई आल्या, पोराचा कान फुटलेला. दुकानात गर्दी होती. मी बाटली दिली, म्हटलं, "उकळलेल्या पाण्यात बनवा." तिसऱ्या दिवशी ताई परत, बाटली घेऊन. आतलं औषध पिवळट-तपकिरी. "तुम्हीच म्हणालात ना उकळलेलं? मग उकळतंच ओतलं!" वर बाटली ठेवली होती शेगडीजवळच्या फळीवर. पोराला तीन दिवस नुसतं गोड पाणी पाजल्यासारखं झालं, आणि चूक माझीच होती. 'गार करून' हे दोनच शब्द बोलायचे राहिले होते.

तेव्हापासून सिरप काउंटरवर मीच बनवतो. आधी पावडर झटकून मोकळी करायची, अर्धं पाणी, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत. मार्करने तारीख टाकतो आणि सांगतो: फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको, सात दिवसांनी उरलेलं फेका. तरी महिन्याभराने कुणीतरी विचारतंच, "थोडं उरलंय, धाकट्याला देऊ का?" नाही! रामकुंडावर आलेले यात्रेकरू तर बनवलेली बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून त्र्यंबकला जातात. त्यांना मी थर्मासच घ्यायला लावतो.

दुसरी चूक हिशेबाची. ६२५ संपली की "३७५च्या दोन द्या ना". ३७५मध्ये अमॉक्सिसिलिन २५०, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तेच १२५. दोन घेतल्या की ते २५० होतं, आणि मग जुलाब. असा 'जुगाड' काउंटरवरच्या नवीन पोरांनीही करू नये. मी डॉक्टरांना फोन लावतो, गिऱ्हाईक कितीही चुळबुळलं तरी.

गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरू नका, ओल लागते. जेवणाला सुरुवात करताना घ्या, पोट कमी बिघडतं. सर्दीला घेऊ नका, विषाणूवर यातलं काहीच चालत नाही.

"आणखी भारी जोडी द्या" म्हणणारेही असतात. पण एमआरएसए हा बऱ्याच औषधांना दाद न देणारा जंतू कात्रीच्या भरवशावर नसतो, तो औषधाचं लक्ष्यच बदलतो, तिथे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड नुसतं बसून राहतं. एनडीएम ही काही जंतूंकडची, जस्तावर चालणारी वेगळीच कात्री, तिला ॲव्हिबॅक्टम हे कात्री अडवणारं दुसरं औषधसुद्धा अडवू शकत नाही. कुठल्या जंतूला कुठली जोडी, हे कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट सांगतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर नसलेले चिठ्ठी मागितली की पुढच्या मेडिकलकडे वळतात. मी हाक मारत नाही.