खोली डाव्या बाजूची घ्या

जहाजाची जाहिरात बघण्याआधी नकाशा उघडा. फोंड्याला तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर तोच भूगोल डोळ्यांनी बघायला गेले, म्हणून हे हट्टाने सांगते. परत आल्यापासून ओळखीपाळखीचे विचारतात, जहाज कुठलं चांगलं, जेवण कसं, थिएटर आहे का. किनारा कुठल्या बाजूने दिसतो, हे अजून कुणी विचारलेलं नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालायला एवढा पैसा घालणार असाल तर पहिला प्रश्न तोच हवा.

आम्ही दोघं जानेवारीत गेलो. चिलीची राजधानी सांतियागो, तिथून शंभरेक किलोमीटरवर सान आंतोनियो बंदर, तिथे जहाजात बसलो आणि चौदा रात्रींनी अर्जेंटिनाच्या राजधानीत, बुएनोस आयरेसला उतरलो. दक्षिणेकडे जाताना किनारा पूर्वेला, म्हणजे डावीकडे. टोकापाशी पूर्वेला वळलात की बीगल खाडीतल्या हिमनद्या उत्तरेला, म्हणजे परत डावीकडे. मग अर्जेंटिनाच्या अंगाने वर यायचं, तेव्हा जमीन पश्चिमेला, तीही डावीकडेच. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. इथे सगळं उलट. हाच प्रवास बुएनोस आयरेसहून सुरू केलात तर मात्र प्रदक्षिणेसारखी उजवी बाजू धरा. बुकिंग करणाऱ्या मुलाने आम्हाला स्वस्त पडते म्हणून उजवीकडची खोली सुचवली होती. मी नकाशा पुढे ठेवला आणि बदलून घेतली.

खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. हेलकावा टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त लागतो. बाल्कनी परवडत नसेल तर खिडकीवर भागतं, कारण बघायचं ते खरं उघड्या डेकवरूनच. भाडं माणशी सांगतात, पण खोलीत दोघं धरून. एकटं माणूस गेलं तर जवळजवळ दुप्पट पडू शकतं. रोजची टिप, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुतेक ठिकाणी वेगळ्या, तेव्हा बेरीज आधी करून ठेवा.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तिकडचा उन्हाळा. उन्हाळा म्हटलं तरी टोकावरच्या उशुआया बंदरात जानेवारीतही पारा दहाच्या आगेमागे आणि सूर्य रात्री दहाला मावळतो. आपल्याकडे लोकरीचे कपडे नसतातच. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ तीन थर, वर वारा अडवणारं जाकीट आणि कान झाकणारी टोपी. छत्री नेऊ नका, तिकडच्या वाऱ्यात ती दोन मिनिटं टिकत नाही.

आता व्हिसा, इथे नीट लक्ष द्या. आमचं जहाज चिलीहून निघालं, उशुआयाला अर्जेंटिनात शिरलं, हॉर्नच्या भूशिरापाशी पुन्हा चिलीच्या पाण्यात आलं, मग फॉकलंड बेटं, ती ब्रिटनची. तिथून पुएर्तो माद्रिनला परत अर्जेंटिना, मॉन्तेविदेओ म्हणजे उरुग्वे, आणि शेवटी तिसऱ्यांदा अर्जेंटिना. म्हणजे एकदाच आत सोडणारा व्हिसा उपयोगाचा नाही, अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. कागद अपुरे असले तर जहाजावर चढूच देत नाहीत, तुम्ही त्या बंदरात उतरणार नसलात तरी. नियम बदलत असतात. ज्या त्या देशाच्या दूतावासाकडूनच खात्री करा. आम्ही चार महिने आधी सुरुवात केली, ती जास्त वाटली नाही.

दुसरा कागद पीतज्वराच्या लसीचा. भारताने पीतज्वराच्या देशांची यादी केली आहे, त्यात अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आहेत. तिथून परतताना दाखला नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी दाखला लागू होत नाही. आम्ही वास्कोला मुरगाव बंदराच्या आरोग्य कचेरीत घेतली. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरशी बोलायलाच हवं. आमच्या ह्यांचं वय सहासष्ट, म्हणून डॉक्टरांनी जुनी सगळी औषधं बघून मगच होकार दिला.

खाण्याचं सामान नेणारच असाल तर चिलीत उतरण्याआधीच्या फॉर्मवर खरं लिहा. फळं, बिया, मध, दूध, झाडापासून आलेलं काहीही, याबाबतीत तो देश फार कडक आहे. माझ्या पिशवीत सोलं, तिरफळं आणि मेतकूट होतं. मी ‘होय’वर खूण केली. अधिकारी बाईंनी सोलाचा एक तुकडा नाकाशी नेला, उजेडात धरला, कसला म्हणून विचारलं. मी कागदावर झाड काढून दाखवलं. तिरफळं तेवढी काढून घेतली, बाकीचं परत दिलं, दंड नाही. शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी ‘नाही’ लिहिलं होतं आणि बॅगेत दोन सफरचंदं निघाली. त्यांना दंड झाला.

समुद्र लागण्याबद्दल मनात भीती असेल तर नकाशाच उपयोगी पडतो. चिलीतल्या पुएर्तो मोन्त बंदराच्या खाली बराचसा प्रवास बेटांच्या आतून, खाड्यांतून होतो, तिथे पाणी मांडवीसारखं शांत. मधे गोल्फो दे पेनास हा उघडा पट्टा लागतो. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती मोकळा फिरत येतो आणि या खंडाच्या टोकावर आपटतो. तेव्हा जहाज हलायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. तीही डॉक्टरने सांगितलेली, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालणारी. पोट रिकामं ठेवू नका. आले-लिंबाचा पाचक आणि कोरडी बिस्किटं मला पुरली.

काही बंदरांत धक्का नाही किंवा मोठं जहाज लागत नाही. पुएर्तो मोन्त आणि फॉकलंडचं स्टॅन्ली तशी. जहाज लांब नांगरतं आणि छोट्या बोटींतून माणसं नेतात. लहानपणी मुंबईहून पणजीला आगबोटीने येताना वाटेतल्या बंदरांत होड्या अंगाशी यायच्या आणि बायका पोरांना कडेवर घेऊन उतरायच्या, ते मी पाहिलेलं आहे. पद्धत तीच. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा धरू नका, मनगटाच्या वरचा हात धरा आणि त्यालाही तुमचा तसाच धरू द्या. पंजा घामाने निसटतो. बोट लाटेवर वर येईपर्यंत थांबा, ती फळीच्या पातळीला आली की पाऊल टाका. हातात पिशवी नको, पाठीवर असू द्या.

आणि अशा बंदरांतल्या सहली बाहेरून पैसे भरून ठरवू नका. स्टॅन्लीच्या पेंग्विनसाठी आम्ही एका सहल कंपनीला घरूनच पूर्ण रक्कम भरली होती. त्या सकाळी वारा वाढला, कप्तानाने बोटी सोडल्याच नाहीत, बेट दुरून दिसलं आणि मागे गेलं. पैसे परत आले नाहीत. निर्णय बरोबर होता, त्या वाऱ्यात मीही माणसं उतरवली नसती. पण रद्द झाल्यास परतावा आहे का, हे मी आधी वाचायला हवं होतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे पैसे अशा वेळी परत मिळतात. पेंग्विन आम्हाला पुढे पुंता तोंबोला दिसले, पुएर्तो माद्रिनहून बसने, वाटेपासून हातभर अंतरावर.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. आमचे सोमवार-गुरुवार पाळलेले. आमच्या टेबलाचा वेटर गोव्यातल्या सासष्टीचा निघाला. नाव-गाव न विचारता माझ्या बोलण्यावरूनच ओळखून म्हणाला, ‘‘आंटी, तुमी गोंयचीं?’’ त्याचे आजोबाही तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, मुंबईला धोबी तलावच्या कुडीत, गोंयकारांच्या सामाईक बिऱ्हाडात राहिलेले. त्यानंतर दर सोमवारी मुगाची उसळ आणि भात आला. जगातल्या कुठल्याही मोठ्या जहाजावर गोंयकार असण्याची शक्यता बरीच, तेव्हा कोकणीत बोलून बघा.

बघण्यासाठी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, बीगल खाडीचा. त्या दिवशी दुपारची झोप नाही, पत्ते नाहीत. डाव्या डेकवर खुर्ची धरा, दुर्बीण गळ्यात आणि नकाशा मांडीवर. रोमांश, आलेमानिया, फ्रान्सिया, इतालिया, ओलांदा, अशी एकामागून एक हिमनद्या येतात. बर्फ पांढरा असेल असं मी वर्गात शिकवत आले होते. तो निळा आहे, आतल्या भेगांत तर मोरचुदासारखा. रोमांशच्या खालून पाण्याचा लोट थेट खाडीत पडत होता आणि जहाजावर बोलणं थांबल्यामुळे त्याचा आवाज ऐकू येत होता.

पोर्तुगीज दर्यावर्दी मागेल्लानच्या सामुद्रधुनीतही बाहेर उभे राहा. 1520 मध्ये त्याला ती पार करायला अडतीस दिवस लागले. हाच माणूस 1505 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाच्या ताफ्यातून हिंदुस्थानात आला होता, हे आठवलं की ते पाणी परकं वाटत नाही. हॉर्नचं भूशीर छप्पन्न अंश दक्षिणेला. आम्ही तिथे पहाटे पोहोचलो. कप्तान आदल्या रात्री वेळ सांगतो, ती लिहून घ्या आणि कपडे उशाशी काढून ठेवा.

बुएनोस आयरेसला उतरता त्याच दिवशी परतीचं विमान घेऊ नका, जहाज उशिरा लागू शकतं. एक रात्र तिथे काढा. सांतियागोलाही दोन दिवस आधी पोहोचा, कारण वाटेत दोन तरी विमानं बदलावी लागतात आणि बॅग मागे राहिली तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही. पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला पासपोर्टमध्येच ठेवा, बॅगेत टाकू नका. मुंबईला उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेआधी तोच मागतात.