पुढची इन्स्पेक्शन तारीख काढताना या चुका टाळा

कुठल्याही प्लँटला गेलो की मी आधी सॉफ्टवेअरमधून ड्यू डेटचा रिपोर्ट काढतो आणि शेजारी तपासणीच्या सर्टिफिकेटची फाईल घेऊन बसतो. दहा मशीन ताडून बघितली की दोन-तीन ठिकाणी तरी तारखा जुळत नाहीत. सॅप, मॅक्सिमोसारखं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर असो नाहीतर साधी एक्सेल, बेरीज सगळे बरोबरच करतात, पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे आपण चुकीचं सांगतो.

कामाची ऑर्डर बंद केली त्या तारखेपासून मोजणं

ही चूक बघून बघून मी खरंच थकलोय. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टपासून आपण जे पाळत आलो ते सरळ आहे: लिफ्ट आणि होइस्टची तपासणी दर सहा महिन्यांत (कलम २८), क्रेन, चेन, वायर रोपची दर बारा महिन्यांत (कलम २९), आणि तीही कॉम्पिटंट पर्सनकडून, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाकडून. म्हणजे दोन तपासण्यांमधलं अंतर त्याच्या वर जाता कामा नये. आणि तपासणी म्हणजे माणूस क्रेनवर चढला तो दिवस, सर्टिफिकेट हातात पडलं तो नाही.

चाकणकडच्या एका प्लँटमध्ये मी प्लॅनिंगला होतो तेव्हाची गोष्ट. प्रेस शॉपमधली ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन) ९ जानेवारीला तपासली, सर्टिफिकेट यायला तीन आठवडे लागले, ते आल्यावर आमच्या पोराने २ फेब्रुवारीला सॅपमध्ये ऑर्डर टेको केली, म्हणजे काम झालं म्हणून बंद केली. पॉपअपमध्ये रेफरन्स डेट (काम झाल्याची तारीख) आजची भरलेली येते, त्याने ती तशीच ठेवून ओके केलं. झालं, पुढची तारीख २ फेब्रुवारी. पुढच्या वर्षी तपासणी ६ फेब्रुवारीला, ऑर्डर बंद २८ ला. त्याच्या पुढच्या वर्षी तपासणी ३ मार्चला, ऑर्डर बंद २७ ला. दरवर्षी जवळजवळ महिन्याभराने तारीख पुढे सरकत होती आणि डॅशबोर्ड मात्र हिरवागार. चौथ्या वर्षी १५ मार्चला कस्टमरचं ऑडिट लागलं. ऑडिटरने सर्टिफिकेट काढलं, वैधता २ मार्चला संपलेली. स्क्रीनवर ड्यू २७ मार्च. दोन्ही समोर ठेवून त्याने एवढंच विचारलं, "साहेब, यातलं खरं कुठलं?" क्रेनला लगेच 'वापरू नका'चा टॅग लागला, कॉम्पिटंट पर्सनची वेळ मिळेपर्यंत चार दिवस गेले, क्रेन नाही म्हणजे प्रेसचे डाय (साचे) बदलता येईना, आणि डाय बदलता येईना म्हणजे लाईन उभी. सॅपमधला तपासणीचा प्लॅन मी लावला होता आणि तीन वर्षांत एकदाही तो सर्टिफिकेटशी ताडून बघितला नव्हता, ते मला अजून लागतं.

त्या दिवसापासून माझी सवय अशी की ऑर्डर कधी का बंद होईना, तारीख सर्टिफिकेटवरचीच टाकायची, आणि कागद समोर नसेल तर ऑर्डर बंदच करायची नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

आता काही जण याला घाबरून कॅलेंडर फिक्स करून टाकतात, की दरवर्षी १० जानेवारी म्हणजे १० जानेवारीच. त्यातही गोम आहे. दिवाळीच्या शटडाऊनमध्ये क्रेन मोकळी मिळाली म्हणून तुम्ही १० नोव्हेंबरलाच तपासून घेतली तर सॉफ्टवेअर पुढची तारीख येत्या जानेवारीची नाही, त्याच्याही पुढच्या जानेवारीची देतं, म्हणजे चौदा महिने! म्हणून मी दोन्ही तारखा काढतो, फिक्स कॅलेंडरची आणि प्रत्यक्ष तपासणीपासूनची, आणि जी आधी येते ती धरतो. सॅपमध्ये हेच करायचं तर शिफ्ट फॅक्टर (काम लवकर-उशिरा झालं तर पुढची तारीख किती टक्के सरकवायची) लवकर पूर्ण झाल्याचा १००, उशिरा झाल्याचा ०. ग्रीसिंग-फिल्टरसारख्या कामांना एवढं नको, ती शेवटच्या कामापासून मोजली तरी चालतं, पण कायद्याच्या तपासण्या त्या टेम्प्लेटवरून कॉपी करू नका.

महिना म्हणजे ३० दिवस धरणं

सॅपमध्ये शेड्युलिंग इंडिकेटर (तारीख कशी मोजायची ते सांगणारं सेटिंग) नुसता 'टाइम' ठेवला तर महिना ३० दिवसांचा धरला जातो, म्हणजे बारा महिने झाले ३६० दिवस. दरवर्षी पाच दिवस तारीख अलीकडे येते, कायदा मोडत नाही पण सहा वर्षांत महिनाभर सरकून शटडाऊनच्या बाहेर जाते. त्याऐवजी 'की डेट' निवडा, म्हणजे दर वेळी तीच तारीख येते. एक्सेलवाल्यांनी १८० किंवा ३६५ मिळवू नका, ईडेट (EDATE, महिने मिळवणारं फंक्शन) वापरा. त्यातही ३१ ऑगस्टला सहा महिने मिळवले की २८ फेब्रुवारी येतो आणि त्यात परत सहा मिळवले की २८ ऑगस्ट, म्हणून मागच्या उत्तरावर पुढचं उत्तर काढत बसू नका. आणि ०५/०६ हे ५ जून की ६ मे ते एकदा नीट बघा, सेल डावीकडे चिकटलेली असेल तर बहुतेक ती तारीखच नाही, टेक्स्ट आहे.

बाकीच्या

गो-लाइव्हच्या वेळी, म्हणजे नवीन सिस्टिम सुरू करताना, 'शेवटची तपासणी' हा रकाना रिकामा सोडला की काही सिस्टिम अपलोडचा दिवस धरतात आणि तीनशे मशीनची ड्यू डेट एकाच दिवशी पडते. नवीन आलेल्यांना एका दुपारी मास अपलोड (सगळा डेटा एकदम चढवणं) उरकायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे, सर्टिफिकेटवरून एकेक तारीख हाताने टाका, आठवडा लागला तर लागू दे.

सॅपमधला कॉल होरायझन (सायकलचा किती टक्के काळ गेल्यावर ऑर्डर निघायची) १०० टक्के ठेवलात तर ऑर्डर ड्यूच्याच दिवशी उगवते. वर्षाच्या सायकलला ९० ठेवा, महिनाभर हातात राहतो.

ड्यू रविवारी आली तर शनिवारी ओढायची, सोमवारी ढकलायची नाही.

लिस्ट लाल दिसते म्हणून तारीख पुढे करून हिरवी करणारे लोक आहेत. माझ्या टीममध्ये ड्यू डेट बदलायचा राइट मी एकाच माणसाकडे ठेवतो आणि कारण लिहिल्याशिवाय बदल नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हचा प्लॅन जागेवर लावू नका, सिरियल नंबरवर लावा. व्हॉल्व्ह काढून स्पेअर बसवला जातो, जागेची तारीख तीच राहते, आणि बसवलेला व्हॉल्व्ह शेवटचा कधी टेस्ट झाला हे स्टोअरमध्ये जाऊन टॅग वाचल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.