जुना लॅपटॉप घेताना आधी बिजागरी बघा

जुना लॅपटॉप विकणारा आधी रॅम किती ते सांगतो, मग डिस्क. मी दोन्ही आकडे ऐकून सोडून देते. बहुतेक मशीनमध्ये या गोष्टी अर्ध्या तासात बदलता येतात. (फार पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच झाळलेली असते, तेवढं आधी विचारा.) बघायचं ते जे बदलायला महाग पडतं: स्क्रीन, बिजागरी, कीबोर्ड, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड).

मी झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडते. कटकट आवाज आला, किंवा बिजागरीजवळ प्लास्टिक उचललं जाऊन फट दिसली, की आतले स्क्रू सुटलेत. तसा लॅपटॉप मी घेत नाही. बिजागरी ठीक असेल तर नोटपॅड उघडून एकूण एक बटण दाबायचं. स्क्रीनभर कोरं पांढरं पान, मग काळं. डाग आणि रेघा तिथेच दिसतात. चार्जरची पिन किंचित हलवून चार्जिंग तुटत नाही ना, हेही बघायचं.

शेवटी बंद करून परत चालू करायचा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं, पासवर्ड मागतो का ते बघायला. हे एकदा मी केलं नाही. घरी आणलेल्या लॅपटॉपला बायोसचा पासवर्ड निघाला, पेनड्राइव्हवरून चालूच (बूट) होईना. विकणाऱ्याला पासवर्ड माहीत नव्हता. पासवर्ड पुसला जाईल म्हणून मदरबोर्डवरचा बटण सेल काढून रात्रभर ठेवला, तरी पासवर्ड जागचा हलला नाही. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तरीही मी घेते ते ऑफिसमधून निघालेलेच: लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. खालचं झाकण काढलं की बहुतेक सगळं समोर असतं, सुटे भाग मिळतात, आणि उघडायचं कसं त्याची पुस्तिका कंपनीच फुकट देते. प्रोसेसरचं नाव नीट वाचा. आय५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी. इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण तिथूनच अधिकृतपणे चालतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीन लोक काढून टाकतायत. त्यांच्यावर मी लिनक्स मिंट टाकते, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. ८ जीबी रॅम असली की ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ सगळं निवांत चालतं.

दुरुस्तीत पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा. फिरती हार्ड डिस्क काढून २.५ इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. चालूच होत नसेल तर लगेच मदरबोर्ड गेला असं कुणाचं ऐकू नका. चार्जर काढा, बॅटरीची वायर सोडवा, रॅम बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा, भुगा पुसा, आणि टक्क आवाज येईपर्यंत परत बसवा. माझ्याकडे आलेली कितीतरी ‘मेलेली’ मशीन एवढ्यावर उठली आहेत. पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरागरा फिरू देऊ नका. स्क्रूसाठी कागदावर लॅपटॉपची आकृती काढते आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावते. एकदा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला होता, तो वर टचपॅडशेजारी टोक काढून बाहेर आला.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर मात्र थांबा. खाली बहुधा बॅटरी फुगलेली असते. ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही. मशीन बंद करून, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला फोन करून विचारा.

खरोखर संपलेल्या मशीनमधून रॅम, डिस्क, स्क्रीन, चार्जर काढून घ्या. डिस्क कुणाला द्यायची असेल तर नुसतं फॉरमॅट करून भागत नाही. हार्ड डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहून घ्या. एसएसडीला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज (सगळा डेटा कायमचा पुसणारा पर्याय) वापरा. उरलेला सांगाडा अधिकृत केंद्राकडे द्या, वायरी जाळून तांबं काढणाऱ्याकडे नको. स्क्रू मात्र मी कधीच देत नाही. माझा एक डबा भरलाय, दुसरा अर्ध्यावर आलाय.