गावाचं नळाचं पाणी पिण्यालायक आहे का, हे आपलं आपण कसं बघायचं

टाकीत टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर) पडतंय, रजिस्टरला रोजची नोंद आहे, आणि तरी पाऊस लागला की एखाद्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू होतातच, आणि बघितलं तर ती गल्ली बहुतेक वेळा लाईनच्या टोकाची असते. म्हणून तपासणी टाकीपासून नको, शेवटच्या नळापासून सुरू करा.

पहिलं काम ओटी टेस्ट, म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायचं. किट ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे असतं, नसेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पाणी सुटल्यावर नळ दोन मिनिटं वाहू द्या, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि रंग लगेच बघा, कारण उशीर केला तर पिवळा गडद होत जातो आणि क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. शेवटच्या घरी कमीत कमी ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन आलं पाहिजे, साथ असेल तर ०.५. तपासलेलं पाणी टाकून द्या, हंड्यात ओतू नका, ते औषध पोटात जाऊ नये.

ही टेस्ट तीन ठिकाणी करा, टाकीखाली, मधल्या गल्लीत आणि टोकाला. टाकीखाली पिवळं आणि टोकाला बिनरंगाचं आलं तर बहुधा मधे कुठंतरी घाण आत येतीय आणि क्लोरीन तिथंच खर्च होतंय. टाकीखालीच रंग नसेल तर गडबड टीसीएलमधे आहे.

आता टीसीएल. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं ठेवलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. पोतं घट्ट बांधून कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. मात्रा १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर तशीच टाकीत फेकायची नाही हो, प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून घट्ट लगदा करायचा, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची, खाली चुना बसला की वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत, आणि त्यानंतर कमीत कमी अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही. विहिरीत टाकायचं असेल तर हिशोब असा, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळं मीटरमधे, उत्तर लिटरमधे येतं. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास पावडर.

एक गोष्ट मनापासून सांगतो, पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक पाणी सोडणाऱ्या माणसावर ओरडतात आणि तो बिचारा मग मात्रा कमी करतो. ओरडू नका. उलट "मामा, आज टीसीएल किती टाकलं, ओटी आली का?" असं रोज विचारणारी चार माणसं गावात पाहिजेत.

कृष्णाकाठच्या गावांनी पुराचं गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळून घ्यायचं, गढूळ पाण्यात टीसीएल नीट काम करत नाही, आणि नुसत्या तुरटीनं जंतू मरत नाहीत. दोन्ही लागतं. माण-खटाव, जत-आटपाडीकडं टँकर येतो तेव्हा टँकरच्या पाण्याचीही ओटी बघा, तो हक्क आहे तुमचा.

मग लाईन चालत जाऊन बघा. गटारातून गेलेलं कनेक्शन, पाण्यात बुडालेला व्हॉल्वचा खड्डा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रेशर नाही म्हणून खणलेल्या खड्ड्यातला बिनतोटीचा नळ. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि त्या खड्ड्यातलं सांडपाणी आत ओढतो, कुणी नळाला मोटर लावली तर विचारूच नका, दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुढच्या घरी पहिल्या हंड्यात. फोटो काढा, घरमालकाशी गोडीनं बोला, नाही ऐकलं तर अर्ज.

लॅबची तपासणी वेगळी. जंतूंसाठी लॅबनंच दिलेली निर्जंतुक बाटली लागते, घरची धुतलेली चालत नाही, आतून हात लावायचा नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. पाणी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बसलं पाहिजे, १०० मिलीत ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको, नायट्रेट (खतातून, सांडपाण्यातून येणारा क्षार) लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो क्षार सांगतो, जंतू सांगत नाही, पाण्याच्या एटीएमवरून आणलेलं जारचं पाणीसुद्धा जार न धुता भरलं तर धोक्याचंच.

कागदोपत्री एवढं करा, पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यात गावाला लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी) कार्ड मिळालं ते भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना) विचारा, ग्रामसभेत कारणासकट वाचून घ्या. त्रुटी लेखी द्या, पोच घ्या. पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असायला पाहिजेत, नुसत्या सहीला नव्हे.

दुरुस्ती होईपर्यंत घरी पाणी खळखळ उकळून प्या. फक्त उसाच्या पट्ट्यात नायट्रेट जास्त आलं असेल तर उकळून कमी होत नाही, उलट वाढतं, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध असेल तर ते कालवायला तपासलेलं दुसरं पाणी आणा.