शेततळ्याला आणि फिरायला एकच छोटी बोट घेताय? मग या चुका टाळा

उन्हाळा आला की पुण्यात बोट शोधणारी मंडळी दोन प्रकारची. एक इंदापूर, जुन्नरकडं शेततळं असलेली, त्यांना मधे जाऊन फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, साफ करायचाय, माशांना खाद्य टाकायचंय, शेवाळ ओढायचंय. दुसरी फ्लॅटवाली, रविवारी पानशेत नाहीतर पवनेच्या बाजूला जाणारी. आणि बरेच जण दोन्ही असतात, तळं गावाला आणि संसार कोथरूडला, त्यामुळं एकाच बोटीत सगळं बसवायचं असतं. बसतंही, नाही असं नाही, पण लोक बोट पाण्यावर कशी दिसते ते बघून घेतात आणि खरा त्रास होतो तो गाडीपासून पाण्यापर्यंतच्या त्या थोड्याशा अंतरात.

“4 माणसांची” वाचून घेणं

ही सगळ्यात कॉमन चूक. बोटीवर लिहिलेला आकडा म्हणजे शांत पाण्यात, सगळे मूर्तीसारखे बसलेत असं धरून काढलेला. सव्वादोन-अडीच मीटरच्या हवेच्या बोटीत दोन मोठी माणसं बसली की वल्ही मारताना मुठी समोरच्याच्या गुडघ्यावर आपटतात. कामासाठी तर हिशोब अजून वेगळा, एक माणूस, खाद्याचं पोतं, आणि तो माणूस एका बाजूला वाकून पाइप ओढतोय. म्हणून लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा, आणि त्यात बॅटरीही मोजा. इलेक्ट्रिक मोटरचं वेड सध्या फार आहे पण 100 एएच (अँपिअर-तास) ची लेड ॲसिड बॅटरी 25-30 किलोची असते आणि 55 पौंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोरानं ढकलणारी, मोटर फुल स्पीडला 50 अँपिअरच्या आसपास खेचते, बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे जेमतेम तासभर. परत वल्ह्यांवरच यायचंय.

वजन न उचलता ऑर्डर करणं

प्लायवूड फ्लोअरची बोट उभं राहून काम करायला मस्त, पण गुंडाळलेली बॅग 35-40 किलोपर्यंत जाते. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? पट्ट्यांचा नाहीतर हवेचा फ्लोअर निम्म्यात येतो. दुसऱ्या टोकाला ती स्विमिंग पूलवाली पातळ रंगीत बोट, हलकी आणि स्वस्त, कामाला शून्य. बोटीच्या पीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, आत जाळीचं कापड आहे का ते बघा, आणि हवेचे किमान दोन वेगळे कप्पे पाहिजेतच, एक फुटला तरी दुसऱ्यावर काठ गाठता येतो.

माझं मत विचाराल तर मासे आहेत आणि रोज तळ्यात उतरायचंय तर हवेची घेऊच नका, प्लास्टिकची सपाट तळाची कडक होडी तिथंच उलटी घालून ठेवा. महिन्यातून एक-दोनदा काम आणि बाकी फिरणं असेल तरच हवेची.

तळ्याचा काठ विसरणं

आता हे नीट वाचा कारण इथं जीव जातात. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद 500 मायक्रॉनचा म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्यावरून कडक होडी ओढत वर आणली किंवा वल्ह्याचं तुटकं टोक टेकवलं की पाणी गळायला लागतं आणि भोक कुठंय ते पाणी उतरल्याशिवाय कळत नाही. पण कागदापेक्षा माणूस महत्त्वाचा. ओल्या, शेवाळलेल्या उतारावर एक पाय बोटीत आणि एक कागदावर असताना बोट आत सरकते, कागदावरचा पाय घसरतो, आणि वर यायला धरायला काहीच नसतं, चांगला पोहणारासुद्धा तिथंच दमतो. म्हणून बोट यायच्या आधी पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारातून जाड दोर आणा, गाठी मारलेले दोर वरच्या खुंट्यांना बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडा. आणि एक दोर तळ्यावर आडवा, या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधा. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात तो दोर धरून हातानं बोट ओढत या काठापासून त्या काठापर्यंत जाता येतं, वल्ही लागत नाहीत आणि काम करताना बोट जागची हलत नाही. एअरेटरपाशी (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) किंवा पंपापाशी जायचं तर आधी मेन स्विच बंद, आणि काठावर दुसरा माणूस उभा.

हवा भरून उन्हात सोडणं

सकाळी सावलीत 3 पीएसआय दाबानं हवा भरली, जेवायला गेलात आणि बोट काठावर तापत राहिली. आतली हवा 25 अंशांनी तापली की सव्वा ते दीड पीएसआय वाढतो, म्हणजे जवळजवळ दीडपट, आणि मग शिवणी सुटतात. काठावर उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा. उलटंही होतं, रात्री थंडीत बोट मऊ पडते आणि लोक पंक्चर झाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. ऊन आल्यावर परत टणक झाली तर काही झालेलं नाही. नाहीच झाली तर आधी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, तिथं वाळूचा कण अडकलेला असतो, नंतर शिवणी बघा.

खरंच भोक असेल तर सायकलचं सोल्युशन लावू नका, ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर दोन दिवसांत निघतं. पीव्हीसीचाच गम, पीव्हीसीचंच ठिगळ, जागा हलकी घासून पुसून कोरडी करायची आणि 24 तास हात लावायचा नाही. धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाला बाभळीचे काटे असतातच, खाली ताडपत्री टाकूनच हवा भरा.

बोट गोल गोल फिरते? मागच्या बाजूचा फिन, म्हणजे खाली लावायचं छोटं पातं, लावायचा राहिलाय किंवा सगळं वजन मागं आहे. आत पाणी येतं? मागचं बूच बघा.

फिरायला जाताना

परवानगी विचारून घ्या, धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याचं, मुळशी टाटा पॉवरचं, आणि खडकवासल्याला एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) बाजूला तर फिरकूच नका. हवेची बोट वाऱ्याला फार हलकी, दुपारनंतर वारा सुटला की तुम्ही पुढं वल्हवताय आणि बोट मागं चाललीय असं होतं. म्हणून सकाळी जा, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे दमलेले असताना वारा घरी आणतो. वळवाच्या दिवसांत ढग दिसले की उतरूच नका, 2024 च्या मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट 100 न्यूटनचं (हा तरंगवण्याच्या जोराचा आकडा) घ्या, 50 वालं पोहता येणाऱ्यांसाठी असतं, आणि ते अंगात घालायचं असतं, बुडाखाली घेऊन बसायचं नसतं.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी हवा भरून रात्रभर ठेवायला सांगा, आणि गुंडाळलेल्या घड्यांवर उंदराचे दात आहेत का ते हाताचं बोट फिरवून बघा, गावच्या शेडमधल्या बोटी हमखास तिथंच कुरतडलेल्या असतात.