न दिलेला कागद: एमपीडीएची रिट शिकताना

नागपूर खंडपीठात फौजदारी कामाला लागलेल्या ज्युनिअरकडे एमपीडीएची फाईल लवकरच येते. महाराष्ट्राचा 1981 चा हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर अशांवर वापरतात. शहरात स्थानबद्धतेचा आदेश पोलीस आयुक्त काढतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. खटला चालत नाही, उलटतपासणी होत नाही, आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर वकील लावण्याचा हक्क नाही, आणि माणूस 12 महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. त्याच्या हातात उरतं ते फक्त निवेदन, म्हणजे आदेशाविरुद्ध आपलं म्हणणं लेखी मांडणं. संविधानाच्या अनुच्छेद 22(5) प्रमाणे कारणं कळवायची ती निवेदन करता यावं म्हणूनच. कारणं म्हणजे नुसते आरोपाचे परिच्छेद नव्हेत. ते परिच्छेद ज्या कागदांवर उभे आहेत, ते कागदही कारणांचाच भाग आहेत. 1980 च्या इच्छुदेवी चोरारिया निकालापासून हे पक्कं आहे.

तरीही ‘आम्हाला कागद दिले नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर रिट, म्हणजे उच्च न्यायालयातली याचिका, टिकत नाही. कोणता कागद, कारणांच्या कोणत्या परिच्छेदात त्याचा आधार घेतलाय, संचात तो कुठे असायला हवा होता, हे पान क्रमांकासह सांगता आलं पाहिजे. ते सगळं काम गठ्ठा वाचण्यात आहे.

आधी गठ्ठा हातात यायला हवा. घरच्यांकडे बहुधा आदेशाची दोन-तीन पानं असतात. कारणं आणि कागदपत्रांचा संच स्थानबद्धाजवळ, कारागृहात असतो. स्थानबद्ध वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असला तर बरं. नागपूरच्या माणसाला येरवड्यालाही ठेवतात, मग मुलाखतीला कोण कधी जाणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. वकालतनाम्यावर कारागृह अधिकाऱ्याची साक्षांकित सही घ्यायची असते, त्याच फेरीत संपूर्ण संचाची प्रत मागा. अनुक्रमणिका आणि पोचपावती हवीच. एमपीडीएच्या कलम 8 प्रमाणे स्थानबद्धतेपासून उशिरात उशिरा 5 दिवसांत कारणं द्यावी लागतात, आणि ती तारीख पोचपावतीवरच सापडते. त्याच पावतीवर ‘सर्व कागद मिळाले, मला समजेल अशा भाषेत समजावून सांगितले’ असं छापलेलं असतं आणि खाली सही. ती पाहून धीर सोडू नका. नुसतं तोंडी समजावणं पुरेसं नाही, हे 1962 च्या हरिकिसन आणि 1981 च्या लल्लूभाई पटेल निकालांनी स्पष्ट केलंय.

मग तीन रकान्यांचा तक्ता आखा: कारणांतला परिच्छेद, त्यात आलेला कागद, संचातलं पान. मोहाच्या दारूचा साधा गुन्हा घ्या. परिच्छेदात फिर्याद, जप्ती पंचनामा आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येतो. फिर्याद असते. पंचनामा असतो, पण कागद पाठपोट लिहिलेला आणि झेरॉक्स एकाच बाजूची. किती लिटर जप्त झाली, नमुना कसा सील केला आणि पंचांच्या सह्या, हे सगळं मागच्या बाजूला राहिलेलं. अनुक्रमणिकेत मात्र ‘पंचनामा’ म्हणून नोंद आहे, त्यामुळे घाईने वाचणारा पुढे जातो. वाचता न येणारी प्रत म्हणजे न दिलेलीच प्रत. 1989 च्या धर्मिष्ठा भगत प्रकरणातला वादही अस्पष्ट पंचनाम्याचाच होता. प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत असतो. स्थानबद्धाला फक्त मराठी किंवा हिंदी येत असेल तर भाषांतर जोडलेलं आहे का, आणि असलं तर आकडे मूळ अहवालाशी जुळतात का, ते ओळीनं ताडून बघा. नागपुरात हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण इथे घरी हिंदी बोलणारे आणि मराठी वाचता न येणारे पुष्कळ लोक आहेत. शाळेचा दाखला मिळवा. तो कितवीपर्यंत आणि कोणत्या माध्यमात शिकला, हे याचिकेत पुराव्यासह यायला हवं.

आता नेमका फरक. ज्यावर आदेश काढणाऱ्याने आपलं समाधान बेतलं तो आधारभूत कागद; तो दिला नाही तर त्यामुळे नुकसान काय झालं हे वेगळं दाखवावं लागत नाही. जो केवळ ओघात उल्लेखलाय, त्याची मागणी केली होती का आणि त्याविना काय अडलं, हे सांगावं लागतं. 1999 च्या पोवनम्माल निकालात ही रेघ आखून दिली आहे. 2024 च्या जसीला शाजी प्रकरणात, कोफेपोसा या परकीय चलन आणि तस्करीविषयीच्या स्थानबद्धता कायद्याखालचा आदेश एका व्यक्तीचा जबाब न दिल्याने कोसळला, कारण तो जबाब आधारभूत होता. कारणांची सुरुवात ‘पूर्वीचा गुन्हेगारी अहवाल’ अशा जंत्रीने होते आणि शेवटी ‘मी फक्त अमुक गुन्हे विचारात घेतले’ असं वाक्य असतं. ते शेवटचं वाक्य अधोरेखित करा. जंत्रीतल्या जुन्या गुन्ह्यांचे कागद मिळाले नाहीत म्हणून पानंच्या पानं लिहिणाऱ्या याचिका तिथेच अडकतात, आणि खरा मुद्दा त्या गर्दीत हरवतो.

गोपनीय साक्षीदारांचे जबाब, म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’, हे वेगळंच प्रकरण आहे. कलम 8(2) खाली नाव-पत्ता झाकता येतो. तो मागण्यात वेळ घालवू नका. जबाबाचा मजकूर मात्र द्यावाच लागतो, आणि निवेदन करता येईल इतका तपशील त्यात हवा. महत्त्वाचं पान पुढे असतं: सहायक पोलीस आयुक्तांनी साक्षीदाराला भेटून केलेली पडताळणी. दिलेल्या प्रतीत तो शेरा आहे का? तारीख आहे का? आदेश काढणाऱ्याने तो पाहिल्याची खूण आहे का?

जामीनही असाच निसटतो. आधारभूत गुन्ह्यात जामीन झाला असेल तर जामीन अर्ज आणि आदेश समोर ठेवला होता का, हे पाहायचं; 1990 चा अहमदकुट्टी निकाल इथे लागतो. पोलिसांच्या सारांशावर विसंबू नका, जिल्हा न्यायालयातून प्रमाणित प्रत काढा आणि अटी वाचा.

गठ्ठा वाचून होताच निवेदन द्या, आणि त्यात हरवलेला कागद नाव घेऊन मागा. आदेश काढणाऱ्याकडे वेगळं, राज्य शासनाच्या गृह विभागाकडे वेगळं, सल्लागार मंडळाकडे वेगळं. राज्याची मान्यता 12 दिवसांत लागते, आणि ती येईपर्यंतच आदेश काढणाऱ्याकडे निवेदन करता येतं. हा हक्क कारणांमध्ये कळवलाच नसेल, तर आदेश टिकत नाही; तसं सांगणारा संतोष शंकर आचार्य प्रकरणातला 2000 चा निकाल एमपीडीएचाच आहे. मंडळाकडे प्रकरण 3 आठवड्यांत जातं, अहवाल 7 आठवड्यांत येतो. त्याची वाट पाहत रिट अडवून ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभराची मुदत चालूच असते आणि सुटका झाल्यावर मिळालेला निकाल त्या घराला फारसा उपयोगी पडत नाही.

याचिकेत न दिलेल्या प्रत्येक कागदाला स्वतंत्र मुद्दा द्या. सरकारी वकील कलम 5-अ काढतील: एक कारण गेलं तरी बाकीच्यांवर आदेश टिकतो. त्याचं उत्तर तयार ठेवा. 5-अ कारण सदोष असण्याबद्दल बोलतं; इथे तक्रार निवेदनाचा हक्कच हिरावल्याची आहे. उत्तराचं शपथपत्र आलं की ते कोणी केलंय ते आधी बघा. समाधान ज्याचं झालं त्याने बोलायला हवं, दुसराच अधिकारी बोलत असेल तर टिपून ठेवा. सुनावणीच्या दिवशी मूळ अभिलेख सादर करण्याची विनंती करा आणि आपला तक्ता जवळ असू द्या. खंडपीठाने मूळ फाईल उघडून ‘पंचनाम्याची मागची बाजू कोणत्या पानावर दिली?’ असं विचारलं, तर पान 61 आणि 62 च्या मध्ये काय असायला हवं होतं, ते तुम्हाला कागद न चाळता सांगता यायला हवं.